उजवी बाजू मोकळी होती

टीम जिंकली की पोरं गल्लीत नाचतात आणि हरली की मोठी माणसं आमच्या घरी येतात. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या फुटबॉल टीमची ही रीतच पडून गेली आहे. एक तर टीमचा कोच माझा नवरा, आणि दुसरं म्हणजे मोठा कॅरम बोर्ड आमच्याकडे. त्या बोर्डावर सोंगट्या मांडून झालेली मॅच पुन्हा पाहायची आणि चूक कुणाची ते ठरवायचं. सगळे त्याला पोस्टमार्टेम म्हणतात. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या समोरच्यांच्या, राणी म्हणजे बॉल. सोंगट्या नऊ-नऊच असतात आणि खेळाडू अकरा, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन जीन्सची बटणं. आपली पितळी, त्यांची काळी. ती मी आणलेली. मी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. एक टाका सुटलेला असला तरी माझ्या नजरेतून पॅन्ट सुटत नाही, असं आमचा सिंधी शेठ गिऱ्हाइकांना सांगतो.

पोस्टमार्टेमला खेळाडूंनी यायचं नाही. पोरांसमोर नको, म्हणून. कोचने सोंगट्या मांडून द्यायच्या आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम कुणी काढला माहीत नाही, पण माझ्या नवऱ्याला तो चांगलाच मानवला. तो तसाही बोलत नाही. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे आहे.

त्या रविवारी अंबरनाथच्या मैदानात सेमीफायनल होती, भर दुपारी दोनला. मीही गेले होते. हाफटाइमला आम्ही एक-शून्यने पुढे होतो आणि शेवटी एक-तीनने हरलो. तिन्ही गोल आमच्या उजव्या बाजूने आले. दुसऱ्या हाफात तिकडे आमचं कुणी दिसेचना. अंबरनाथवाल्यांना आंदण दिल्यासारखी ती बाजू पडलेली. आमची माणसं लाइनीवरून घसा फाटेस्तोवर ओरडत होती, "राइट! अरे राइट बघ!" मीही ओरडले. नवरा हाताची घडी घालून उभा होता. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की परत येताना मी त्याच्याशी बोलले नाही.

संध्याकाळी सहाला घर भरलं. बारा-तेरा माणसं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. सगळ्यांत पुढे बसले गुरुजी. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते टीव्हीवर परदेशातल्या मॅच बघतात आणि आमच्या पोरांनी तसं खेळावं अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांच्या शेजारी आमचा रिक्षावाला. शेअर रिक्षा चालवतो, आवाज असा की पाड्यातली झोपलेली पोरं उठावीत. त्याचाच मुलगा आमच्या टीमचा उजवा विंगर. पहिला गोल त्याच्याच क्रॉसवर झाला होता. बाप मात्र धंद्यामुळे मैदानात आलाच नव्हता. त्याने सगळी मॅच फोनवर ऐकली होती, पण न पाहिलेल्या मॅचवर त्याच्याइतकं ठासून कुणी बोलत नाही.

यावेळी नुसती चर्चा नव्हती. खरवईच्या नवीन कॉम्प्लेक्समध्ये एक तरुण कोच राहायला आला आहे, सर्टिफिकेटवाला. त्याला टीम द्यायची का, हे आज ठरणार होतं. नवऱ्याची अंबरनाथची कंपनी चार वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून तो एका सोसायटीच्या गेटवर बसतो, आलेल्या गाड्यांचे नंबर लिहितो. ही टीम सोडली तर त्याला स्वतःचं म्हणावं असं काही उरलेलं नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणून राग असूनही टीम त्याच्याकडेच राहावी असं मला वाटत होतं.

"दुसरा गोल मांडा," गुरुजी म्हणाले.

नवरा मांडू लागला. मी बाजूला डबी धरून बसले. काळ्या नऊ, काळी दोन बटणं. पांढऱ्या नऊ, गोलकीपरचं एक बटण. त्याने हात मागे घेतला. डबीत एक पितळी बटण उरलं होतं. विसरला असेल म्हणून मी ते पुढे केलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "राहू दे."

मी बोर्डाकडे पाहिलं, सोंगट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग डोळ्यांसमोर दुपारचं मैदान आणलं. हाफटाइमनंतर पोरं आत शिरली तेव्हा आमची सगळी मंडळी वडापाव खात रेफरीला शिव्या घालत होती. शेठची ती तारीफ आठवून माझे कान गरम झाले. चेकर म्हणे. अकरा माणसं मोजता आली नाहीत मला.

पाणी प्यायला म्हणून नवरा आत आला, तसा मी त्याला ओट्यापाशी गाठला.

"अहो, अकरावा कुठे गेला?"

"हळू बोल."

त्याने चार वाक्यांत सांगितलं. रिक्षावाल्याचा मुलगा केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याची तीनची शिफ्ट होती आणि त्याच्या बदली येणारा सोबती आलाच नाही. हाफटाइमला सुपरवायझरचा फोन आला, आत्ता गेटवर ये नाहीतर उद्यापासून येऊ नको. बाकावर एकच जादा खेळाडू होता, तो पहिल्या हाफातच पाय मुरगळलेल्या पोराच्या जागी उतरला होता. "रडायला लागला गं. मी म्हटलं, पळ. कुणाला सांगणार नाही."

"म्हणजे तुम्ही दहा जणांत खेळलात? आणि हे सगळे तुम्हाला फाडून खातायत ते ऐकत बसणार?"

"गेल्या वर्षी आपल्या कीपरने बहिणीच्या हळदीसाठी मॅच बुडवली. त्याला अजून काय हाक मारतात, माहितीय ना?"

माहीत होतं. त्या पोराला हळदीवाला म्हणतात, आणि त्याच्या आईलाही हळदीवाल्याची आई म्हणतात.

"तू बोलायचं नाहीस," नवरा म्हणाला. मी कबूल केलं, पण दात खाऊन.

बाहेर रंग चढला होता. "उजवा विंगर यांनी मधे घेतला, तिथेच माती खाल्ली," गुरुजी सांगत होते. "मी स्वतः बघितलं, तो सेंटरला खेळत होता."

"मी पण बघितलं," दुसरा म्हणाला. "दोनदा तर बॉल त्याच्या पायाशी होता."

मला हसावं की रडावं कळेना. तो पोरगा त्या वेळी कंपनीत हेल्मेट घालून उभा होता, आणि यांनी त्याला दोनदा बॉल देऊन टाकला.

"काय पण बोलता!" रिक्षावाला उसळला. "मधे कशाला जाईल तो? माझा पोरगा राइटलाच होता. ए वहिनी, त्याचं बटण कुठाय? द्या इकडे." त्याने डबीतलं बटण उचललं आणि उजव्या कडेला दाणकन ठेवलं. "इथे! इथे उभा होता तो, एकदम मोकळा. त्याला बॉलच दिला नाय कोणी. ही कोचची चुकी. सांगा ना कोणी, खोटं बोलतोय का मी?"

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी काही म्हटलं नाही. नवऱ्याने बोर्डावरून मान वर केली नाही. मी ओठ इतके घट्ट मिटले होते की दुखायला लागले.

मग सगळ्यांचं बोलून झालं आणि कोचची पाळी आली. नवरा म्हणाला, "राइट साइड मला झाकता आली नाही. चुकलं माझं. खरवईच्या सरांना बोलवायचं असेल तर बोलवा."

असं सरळ कबूल केल्यावर भांडायला काही उरत नाही. गुरुजींनी खांद्यावर हात ठेवून "एवढी वर्षं केलंस बाबा तू" वगैरे म्हटलं, जय भीम घालून एकेक जण उतरू लागला. नवरा आतल्या खोलीत जाऊन शर्ट काढून कॉटवर बसला. मी कप गोळा करायला लागले, तर रिक्षावाला अजून तिथेच. त्यानेही दोन कप उचलले.

"वहिनी, तुम्ही ग्राउंडवर होता ना. पोरगा खेळला कसा?" त्याचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

माझ्या नवऱ्याच्या मांडीवरून टीम उचलून नेली आणि आता मुलाची तारीफ ऐकायची आहे, असं माझ्या अगदी जिभेवर आलं. ते गिळून मी म्हटलं, "पहिल्या हाफात त्याच्यासारखं कोणी खेळलं नाही."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या हाफात माझं लक्ष नव्हतं."

त्याने मान हलवली. "दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा त्याचा डबा भरलेला होता. सुट्टी घेतली बोलला होता, मग डबा कशाला? सुट्टी पक्की नसणार. तीनपासून त्याचा फोन बंद येतोय. कंपनीत गेटवर फोन जमा करायला लागतात." कप ओट्यावर ठेवून तो तसाच उभा राहिला. "म्हणून तर एवढा ओरडलो वहिनी. म्हटलं, कोणतरी बोलेल, गप ए, तो होताच कुठे. कोणीच नाय बोललं. तुमच्या साहेबांनी तर मान पण वर नाय केली."

मी काहीच बोलले नाही. दिलेला शब्द होता. पण डोळ्यांना कोण आवरणार? त्याने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेला.

मी गॅलरीत धावले. खाली गेटपाशी मंडळी अजून उभीच होती, त्याच्या रिक्षाला टेकून. तो जाऊन त्यांच्या मधे उभा राहिला आणि मग त्याचा नेहमीचा आवाज आला, आख्ख्या बिल्डिंगने ऐकला. "दुसऱ्या हाफात आपण दहाच होतो! माझा पोरगा ड्युटीवर गेला होता. कोचने त्याची नोकरी वाचवली आणि आपण त्याला काढला. आता कोणाला काय बोलायचं ते मला बोला!"

माझ्या मागून नवरा बनियनवरच पळत बाहेर आला. "अरे काय करतोय हा, पोराला नावं ठेवतील," म्हणत अनवाणी जिना उतरला. वरून मला दिसलं, तो गर्दीत घुसला, रिक्षावाल्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प करायला लागला, आणि रिक्षावाला तो हात बाजूला सारत होता. स्वतःची गेलेली टीम परत येत होती आणि हा माणूस ती अडवायला धावला होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्याच्यावर इतकं प्रेम मला त्याआधी कधी आलं नसेल.

मग गुरुजींनी घसा साफ केला. "शिफ्ट कुठली आहे त्याची?"

"या महिन्यात सेकंड."

"मग सेकंडला असेल तेव्हा मॅच सकाळची मागून घ्यायची. कमिटीशी मी बोलतो." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि तू घरी गेल्यावर त्याला ओरडू नकोस."

"ओरडतो कशाला," रिक्षावाला म्हणाला. "अकराला सुटेल. आज मीच जातो कंपनीच्या गेटवर आणायला."

"मी पण येतो," नवरा म्हणाला.

"मला पण घ्या," गुरुजी म्हणाले. मग आणखी दोघे म्हणाले. खरवईच्या सरांचं नाव कुणी काढलं नाही, आणि अजून सातसुद्धा वाजले नव्हते, तरी कोण पुढे बसणार यावरून त्यांची खाली वादावादी सुरू झाली.