आधी इंजेक्शन, मग तक्ते

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे नन्नाताई म्हणत. काम सॉफ्टवेअर तपासायचं. चूक दिसली की ‘नाही, चालणार नाही’ म्हणायचं. नन्नाचा पाढा म्हणायचाच तर पगार मिळतो, मग लाजायचं कशाला?

तपासणीला खोटे पेशंट लागत, आणि त्या विभागात जो तो आपल्या घरचीच माणसं भरती करी. नन्नाताईने सासूबाईंना केलं होतं. त्यांना एका इंजेक्शनची खरोखरच अॅलर्जी होती. ते त्यांच्या नावावर घातलं की स्क्रीनवर लाल इशारा यायला हवा.

“काय, आज टोचलं का सासूबाईंना?” सगळे चिडवत.

“टोचलं. वाचल्या,” ती म्हणे. घरी दोघींचं फारसं पटत नसे, पण स्क्रीनवर तिने त्यांच्या जिवाला कधी धक्का लागू दिला नाही.

नवी सिस्टीम यायची होती. सगळं तपासण्याइतका वेळ कोणी दिला नव्हता. तसा तो कधीच कोणी देत नाही. विभागाच्या साहेबांनी फर्मान काढलं, “आधी डायरेक्टरांचे आकडेवारीचे तक्ते. उद्घाटनाला ते तेच बघणार.”

“आधी औषधांचे इशारे,” ती म्हणाली.

“अहो, जुन्यात चालत होते ना? नव्यातही चालतील.”

“चालतील म्हणजे? तुमच्या आईंना टोचून बघू?”

साहेबांचा पारा चढला. ती जागची हलली नाही. एकेक औषध घालून बघत राहिली. प्रत्येक इशारा बिनचूक आला. तक्त्यांना हात लावायला मात्र वेळच उरला नाही.

उद्घाटनाला डायरेक्टरांनी बटण दाबलं आणि सगळे तक्ते कोरे! साहेबांनी लगेच तिच्याकडे बोट दाखवलं. “यांनी तपासले नाहीत. भलतंच घेऊन बसल्या, आणि त्यात सापडलं काय? शून्य! यांना या कामातून काढायलाच हवं.”

हे काम तिला जीव की प्राण होतं. तरी ती उठून उभी राहिली.

“हो, नाही तपासले. तक्ते उद्या भरतील, साहेब. आणि काही सापडलं नाही म्हणूनच आज वॉर्डात सिस्टर निर्धास्त इंजेक्शन देतायत.”

डायरेक्टरांनी बटणावरचा हात काढून घेतला.

“काढायचं तर काढा,” ती म्हणाली. “पण ठेवलंत, तर पुढच्या वेळीही मी आधी इशारेच बघणार.”