‘पण’ आला की पाणी

काकू आधी पाण्याचा पेला ठेवायच्या. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, बूट दाराशी काढलेत, खुर्चीत टेकलात, की जेवणाच्या टेबलावर तुमच्यासमोर स्टीलचा पेला यायचा, काठोकाठ भरलेला. आपल्याला वाटायचं, पाहुणचार चाललाय. हात पुढे केला की त्या म्हणायच्या, "थांबा. आत्ता नाही. ‘पण’ आला की पाणी."

हा काय प्रकार, ते सांगते.

अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या आमच्या मुलांच्या हायस्कूलमध्ये काकू काउन्सेलिंग ऑफिसात कामाला होत्या. स्वतः काउन्सेलर नव्हत्या. काउन्सेलरबाईंच्या काचेच्या खोलीबाहेर त्यांचं टेबल. भेटीच्या वेळा ठरवायच्या, मुलांचे मार्क कॉलेजांना पाठवायचे, रडत आलेल्या पोरांपुढे टिश्यूचा डबा सरकवायचा. शुक्रवारी पंजाबी ड्रेसवर शाळेच्या रंगाचा ढगळ स्वेटशर्ट चढवायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी ही नोकरी धरली होती. घरात त्या आणि मुलगा ओंकार, दोघंच. मूळच्या अमरावतीच्या. मी नागपूरची म्हटल्यावर त्यांनी मला परस्पर माहेरवाशीण करून टाकलं आणि माझा पुण्याचा नवरा, श्रीकांत, जावईबुवा झाला. त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मुलं अकरावीत गेली, की वसंतात प्रत्येकाला आईवडिलांसकट काउन्सेलरबाईंकडे बोलावणं यायचं. एकेका बाईकडे एवढी पोरं, की नाव आणि चेहरा जुळवतानाच त्यांची दमछाक. त्या विचारायच्या, "टेल मी अबाउट युअर चाइल्ड." आपण जे सांगू, त्यातनं पुढे कॉलेजला जाणारं शिफारसपत्र तयार व्हायचं. आमच्या शेजारची अमेरिकन आई मला म्हणाली होती, तिला अर्धा तास पुरलाच नाही, मुलाबद्दल सांगण्यासारखं इतकं होतं.

आणि आपण? आपण लहानपणापासून काय पाहिलंय? बाप पोराला घेऊन मास्तरांकडे जायचा आणि म्हणायचा, "डोकं आहे, पण बसत नाही. दोन ठेवून द्या हवं तर." आपल्या पोराचं कौतुक आपणच करायचं म्हणजे लाज. शिवाय दृष्ट लागते ती वेगळीच. तर आमची ही सॉफ्टवेअरवाली, इस्त्रीच्या शर्टातली मंडळी त्या काचेच्या खोलीत जाऊन हेच करायची. "ही इज गुड, बट व्हेरी लेझी." "शी इज सिन्सिअर, बट नो कॉन्फिडन्स." एका गृहस्थांनी तर "प्लीज बी स्ट्रिक्ट विथ हिम" म्हणून हात जोडले. बाई बिचाऱ्या मन लावून सगळं टिपून घ्यायच्या. हा विनय आहे, हे त्यांना कोण सांगणार?

ती टिपणं टाइप करायला काकूंकडेच यायची. आतलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, हा काकूंचा नेम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. पण कपाळाला हात लावत घरी जायच्या. मग त्यांनी रविवारी दुपारी तालीम सुरू केली. स्वतः काउन्सेलरबाई व्हायच्या, चष्मा नाकावर ओढायच्या, आवाज पातळ करायच्या. आईबापांनी मुलाबद्दल चांगलं बोलायचं. मध्ये ‘पण’ आला, ‘बट’ आला, की तोंड बंद करून पाण्याचा घोट घ्यायचा. ‘पण’ गिळायचा. एक जोशी म्हणून होते, ते त्या दुपारी एवढं पाणी प्याले की परत जाताना गॅस स्टेशनवर बाथरूमला थांबले म्हणे.

आमची ईशा अकरावीत आली, तेव्हा आमचीही पाळी आली. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. ईशाला पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात जायचं होतं. बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण तिथे चांगलं होतं. दुसरीकडे कुठेच जायचं नाही, हे तिनं नववीपासून ठरवलेलं. अडचण होती ती दहावीतल्या मार्कांची. ते वर्ष पार घसरलं होतं, आणि केमिस्ट्रीत तर ‘सी’. आता पत्र चांगलं गेलं तरच आशा होती. आणि पत्र बाईंच्या हातात, बाई आमच्या तोंडाकडे बघणार, आणि तोंड श्रीकांतचं. मला झोप कशी लागावी?

श्रीकांत वाईट नाही हो. मुलीवर जीव आहे. पण पोरीनं भाषणाचं बक्षीस आणलं तेव्हा हा म्हणाला होता, "बरं. खोलीचं आवरलंस का?"

तालमीला काकूंनी चष्मा ओढला. "सो, टेल मी अबाउट ईशा."

"शी इज अ सिन्सिअर गर्ल, बट..."

"पाणी."

"शी वर्क्स हार्ड, बट इन टेन्थ..."

"पाणी, जावईबुवा."

पेला रिकामा झाला तसा श्रीकांत वैतागला. "काकू, अहो, तो ‘सी’ लपवायचा कसा? खोटं बोलू का मी?"

"तो ‘सी’ कागदावर आहेच," काकू पेला भरत म्हणाल्या. "बाईंना वाचता येतं. कागदावर नाही ते सांगा. ते तुम्हालाच ठाऊक आहे, बाप्पा!"

श्रीकांत उठून दाराशी बूट घालायला गेला. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

भेटीचा दिवस आला तेव्हा झाडांचा पिवळा पराग सगळ्या गावावर बसला होता. गाड्या, पायऱ्या, टपालपेट्या, सगळं हळद खेळल्यासारखं. शाळेच्या पार्किंगमध्ये ईशानं आमच्या मिनीव्हॅनवर बोटानं एक रडका चेहरा काढला. "ममा, प्लीज, बाबांना म्हण नुसतं स्माइल करू दे," ती म्हणाली.

आत बाईंनी नेमकं तेच विचारलं. श्रीकांतनं घसा साफ केला. "शी इज अ सिन्सिअर गर्ल," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द ओठांवर आलेला मला चक्क दिसला. ईशानं डोळे मिटले. मी काचेबाहेर पाहिलं. काकू आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी फाइल बाजूला केली, स्टीलचा पेला उचलला आणि श्रीकांतकडे बघत घोटभर पाणी प्याल्या. एवढंच. मान परत फायलीत.

श्रीकांतनं ‘बट’ गिळला. मग तो इंग्रजीतच सांगू लागला, हळूहळू. हिच्या दहावीच्या वर्षी माझे वडील पुण्यात आजारी होते. आम्ही सगळे तिकडे होतो, शाळा बुडत होती. त्यांची वाचा गेली होती. काय हवं, काय दुखतं, कोणाला कळायचं नाही. मला कळत नव्हतं. मी चिडायचो, दारात उभा राहायचो. हिला कळायचं. हिनं त्यांच्याशी बोटांची, डोळ्यांची एक भाषा बनवली. शेवटच्या दिवसांत ते फक्त हिच्याशी बोलत होते. "माय फादर डिड नॉट डाय सायलेंट," श्रीकांत म्हणाला, "बिकॉज ऑफ हर."

बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. मी रडत होते, त्यात काय लपवायचं. काकू आधीच टिश्यूचा डबा घेऊन दारात उभ्या.

गाडीत बसल्यावर मागून ईशा म्हणाली, "बाबा, डिड यू मीन इट? ऑर डिड काकू टीच यू टु से दॅट?"

"काकूंनी फक्त पाणी पाजलं," श्रीकांत म्हणाला.

"देन व्हाय डिड यू नेव्हर टेल मी?"

त्यानं उगाच वायपर लावला. पराग काचेभर फासला गेला, समोरचं काही दिसेना. "आमच्यात तोंडावर सांगत नाहीत गं," तो म्हणाला. ईशा हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही. आम्ही तिथेच पार्किंगमध्ये बसून राहिलो.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती पेनसिल्व्हेनियाला, त्याच कॉलेजात गेली.

पण काकूंची खरी गोष्ट आमच्या भेटीच्या पुढच्याच आठवड्यातली आहे. त्यांचा फोन आला. "जावईबुवांना बुधवारी सुट्टी घ्यायला सांग."

"का हो?"

"ओंकारची अकरावीची भेट आहे. मी आत असणार. बाहेर पेला कोण धरेल?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"मला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "आरशासमोर बोलून बघते. माझा मुलगा चांगला आहे, इथवर येते, आणि पुढे ‘पण’ येतोच."

तो ‘पण’ आम्हा सगळ्यांना माहीत होता. ओंकारला कॉलेज नको होतं. दोन वर्षांच्या टेक्निकल शाळेत विमानाची इंजिनं दुरुस्त करायला शिकायचं होतं. सगळ्यांच्या पोरांना कॉलेजात पोहोचवणाऱ्या बाईचं पोरगं मेकॅनिक होणार, अशी कुजबुज गणपतीच्या आरतीपासून इंडियन ग्रोसरीतल्या भेंडीच्या टोपलीपर्यंत चालू होती. काकूंच्या कानांवर सगळं जात होतं. आणि मुलाला त्यांचा होकार हवा होता. आईनं त्या खोलीत एकदा तरी, न अडखळता, हो म्हणावं एवढंच त्याचं म्हणणं होतं.

बुधवारी श्रीकांत काकूंच्या खुर्चीत पेला घेऊन बसला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "अगं, सारखा पाणीच पीत होतो मी." मग म्हणाला, शेवटी काकूंनी खुर्ची सरकवली. बाईंकडे पाठ करून त्या ओंकारकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. काचेतून ऐकू आलं नाही. ओंकार मान खाली घालून हसत होता. काय म्हणालात, असं मी नंतर विचारलं, तर त्यांनी माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि विषय बदलला.

ओंकार त्या शाळेत गेला. आम्हा सगळ्यांचे एसी, मिक्सर, गॅरेजची दारं दुरुस्त करून द्यायचा, आणि काकू त्याच्याबरोबर यायच्या, जरा ताठ चालायच्या. दोन हजार आठच्या सुरुवातीला त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. मे महिन्यात, शाळेतल्या बारावीच्या पोरांच्या ग्रॅज्युएशनच्या आठवड्यात, त्या गेल्या.

शोकसभा मंदिराच्या हॉलमध्ये झाली. सगळे तालमीतले आईबाप आले होते. जोशी होते. ईशा बसनं आली होती. काउन्सेलरबाई मागच्या रांगेत, शाळेच्या रंगाचा स्वेटशर्ट घालून. भाषणं झाली. मग ओंकार उभा राहिला. इंग्रजीत सुरू करून मध्येच मराठीत आला.

"त्या दिवशी ऑफिसमध्ये आई मला काय म्हणाली, ते कोणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "शी सेड, ‘तू हात लावतोस ते चालू होतं. बाबा गेल्यापासून आपल्या घरात काहीच बंद पडलं नाही.’"



"तिचं सगळं मी फिक्स करायचो," ओंकार म्हणाला. "गाडी, घराचं हीटिंग, तिचा तो जुना रेडिओ. सगळं. पण..."

पुढे त्याला बोलता येईना. श्रीकांत पहिल्या रांगेतून उठला, बाजूच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, आणि जाऊन त्याच्या हातात दिला.

ओंकारनं आमच्याकडे पाहिलं. मग तो सगळं पाणी प्याला, पेला खाली ठेवला, आणि जागेवर जाऊन बसला.