एक तुकडा जास्त

शांतवनमामा गेल्याचा त्यांच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. सोमवारी येते असं मामांना सांगितलं होतं, पण कंटाळा केला. मंगळवारी सकाळी मामा खुर्चीत बसल्या बसल्या गेले... एकटेच. हैदराबादेत जामबागच्या त्यांच्या दोन खोल्यांत पोचले तर टेबलावर त्यांची लाकडी फळी आणि सुरी धुऊन ठेवलेली होती.

मामा गणिताचे मास्तर. त्यांचं देवाशी असलेलं भांडण आमच्या मराठी चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकुलता एक मुलगा सुहास काविळीने गेला आणि मामांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. चर्च मात्र सोडलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे येशूच्या आठवणीत भाकरीचा, म्हणजे पावाचा, तुकडा घ्यायला पुढे जात, तेव्हा हे शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसत. "रागावलोय, घर सोडून नाही गेलो," असं पाळकसाहेबांनाही ऐकवत. उपदेश करायला कुणी घरी आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावत.

प्रभुभोजनासाठी डबलरोटी कापायचं काम रूथमामीचं. शनिवारी संध्याकाळी ती फळी घेऊन बसायची, येणारी माणसं बोटांवर मोजायची आणि शेवटी एक तुकडा जास्त कापायची. मी एकदा विचारलं, तर हळूच म्हणाली, "तुझ्या मामांचा गं. त्यांना सांगू नक्को." दर महिन्याला तो तुकडा उरायचा.

मामी गेल्यावर फळी मामांनी घेतली. "विश्वास नाही तर कापता कशाला?" मी चिडवायची. "तिचं काम आहे, बंद कसं पडू देऊ?" म्हणायचे. तेव्हा हिमायतनगरच्या दुकानांत रोज काहीतरी नवं झळकत होतं. बेकरीवाला म्हणायचा, "मास्टरसाब, मशीन पे कटी सो लेव ना!" मामा मान हलवून अख्खी डबलरोटीच घेत. कापत मात्र मास्तरासारखे. जितकी माणसं तितकेच तुकडे, स्वतःला वगळून.

एका रविवारी कुणाबरोबर तरी आलेल्या एक म्हाताऱ्या बाई रांगेत शेवटी उभ्या राहिल्या आणि ताट रिकामं झालं. पाळकसाहेब घरून पाव आणवेपर्यंत बिचाऱ्या ओंजळ तशीच धरून उभ्या होत्या. मामा शेवटच्या बाकावरून ते बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "रूथचे कसे कधी कमी पडले नाहीत?"

मला राहवलं नाही, सांगून टाकलं. मामा म्हणाले, "माझा? दर महिन्याला?" आणि चष्मा काढून रडले. सुहासच्या वेळीही त्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मामा उठले आणि पुढे गेले. परतताना मी विचारलं, "पटलं का मग सगळं?"

"कुठलं पटतंय! सुहासचा जाब मी वर गेल्यावर विचारणारच आहे. पण मी भांडत होतो तेव्हाही माझं पान वाढलेलंच होतं ना गं... किती दिवस न जेवता बसायचं?"

त्यानंतरही ते एक तुकडा जास्तच कापत. आता तो कुणाचा, असं विचारलं तर म्हणत, "येईल की कुणीतरी रुसलेलं."

फळी आता माझ्याकडे आहे. मामांनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी बाकावरून उठलेच नाही. सोमवारी गेले असते तर, एवढंच डोक्यात. ज्या माणसाला एक दिवस देता आला नाही, त्याच्या देवापुढे कुठल्या तोंडाने हात पसरायचा? परवाच्या शनिवारी पुन्हा कापायला बसले. फळीवर दोघांच्या सुरीचे चरे एकमेकांत मिसळून गेलेत. माणसं मोजली, ठरवून स्वतःला वगळलं. तुकडे पुरे झाले तरी हाताने आपसूक आणखी एक कापला. त्याच्याकडे बघताना मामांचं ते "कुणीतरी रुसलेलं" आठवलं...

रविवारी तो उरला नाही.