मामा गेले, पण तारीख कुठाय?

हातात काहीही द्या, अक्का ते आधी उलटं करायच्या. लोणच्याची बरणी, पेढ्यांचा पुडा, लग्नपत्रिका, एकदा तर माझ्या भाचीची दुधाची बाटली. उलटं करायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि विचारायचं, "तारीख कुठाय?"

बाटलीत दूध होतं आणि झाकण सैल होतं. पुढचं सांगत नाही.

मी नागपूरची. नोकरीपायी बेंगळुरूला आले आणि जयनगरात अक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. अक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेल्या. तिथे कोपऱ्यात तारीख नसलेलं ड्रॉइंग म्हणजे रद्दी. बाई निवृत्त झाल्या, सवय काही होईना. फ्रिजमधल्या सांबारापासून गॅसच्या नळीपर्यंत सगळ्यांच्या अंगावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख.

"माझ्यावरच लावायची राहिलीय," त्यांचे यजमान म्हणायचे. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून मीही.

"तुमच्यावर लग्नातच लावलीय," अक्का म्हणायच्या.

आता नाटकाचं ऐका. आमच्या मराठी मंडळात दर वर्षी पुण्याहून मागवलेलं तयार नाटक व्हायचं. अक्कांना मात्र स्वतः लिहिलेलं करायचं होतं. त्या दर वर्षी विचारायच्या आणि अध्यक्ष दर वर्षी "पुढच्या वेळी बघू" म्हणायचे. एकदाचे हो म्हणाले, पण वर पुस्ती जोडली, "फसलं तर पुन्हा घरचं नाटक नाही हं, अक्का." त्या संध्याकाळी अक्कांनी मला जिन्यात गाठलं. "अगं, मला एकदाच ते स्टेजवर उभं राहिलेलं बघायचंय," म्हणाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, अन् नाटकातल्या भाचीचं काम पत्करूनच वर गेले.

नाटक होतं एका मामांचं. पहिल्या खर्ड्यात मामा दुसऱ्या अंकात मरायचे. ते काम करणारे गृहस्थ यशवंतपूरच्या बाजारातले मसाल्याचे व्यापारी. ते रुसले. "मरायला मी इतक्या लांबून ट्रॅफिक खात येतो का?" झालं! अक्कांनी मामांना जिवंत केलं. मग रोज काही ना काही बदलायला लागल्या आणि कॉम्प्युटरवर फाइलींची जत्रा भरली. 'मामा', 'मामा नवीन', 'मामा शेवटचं', 'मामा खरंच शेवटचं'.

"एकाला तरी तारीख आहे का?" अक्का स्वतःवरच कडाडल्या.

मी म्हटलं, "अक्का, मी करून देते."

"तू स्वल्प सरक. माझं मी करीन."

आणि केलं हो त्यांनी! नोटपॅडमध्ये चार ओळी, फाइलीच्या नावाला 'बॅट' असं शेपूट. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीच्या नावापुढे आजची तारीख, जुनी असेल तर ती पुसून नवी. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरने तारखेतल्या तिरक्या रेघा नाकारल्या. अक्कांनी त्याला कन्नडमध्ये झापलं आणि रेघा काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या फाइलीने बाकीच्यांसोबत स्वतःचंही नाव बदललं आणि मग स्वतःलाच सापडेना. "बघ, स्वतःचंच बारसं करून बसली!" अक्का इतक्या हसल्या की अण्णा पाणी घेऊन धावले. तिसऱ्या दिवशी "सरी, जमलं, आता चालतंय" म्हणाल्या आणि टाळी द्यायला हात पुढे केला. मी टाळी दिली.

प्रयोगाच्या सकाळी अक्कांनी मोठ्या हौसेने ती फाईल चालवली. अण्णा आमचे प्रॉम्प्टर. त्यांना अक्कांनी बजावलं, "आजच्या तारखेची प्रत छापा. दुसरी नको." आणि हॉलवर निघून गेल्या.

राजेहो, आता तुम्हीच सांगा, अण्णांनी काय करावं? फोल्डर उघडलं तर सगळ्याच मामांवर आजची तारीख! त्यांनी आज्ञाधारकपणे पहिली दिसली ती छापली. म्हणजे तीच, मामा मरतात ती.

पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात मामा खुर्चीत बसून चहा पितायत, मी बाजूला उभी, आणि माझं वाक्य पार उडालं. तालमीत अक्कांनी मंत्रच दिला होता, 'अडलं की अण्णा सांगतील तेच खरं.' मी विंगेकडे बघितलं. अण्णा कुजबुजले. मी टाहो फोडला, "मामा गेले हो!"

मामांनी फुर्रकन चहा उडवला. "कोण गेलं? मी इथेच आहे!"

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. अण्णा इमानदारीने पुढचं सांगतच होते, "पांढरं कापड आणा." पहिल्या रांगेत अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. संपलं, मला वाटलं. अक्कांचं नाटक मेलं, मामा जिवंत असताना.

तेवढ्यात समोरच्या विंगेतून अक्का आल्या. जन्मात कधी तोंडाला रंग न लावलेली बाई, चप्पल घालून, पदर खोचून थेट स्टेजवर. मामांच्या हातातली कपबशी काढून घेतली, उलटी करून बघितली, मामांची मान तिरकी करून मागूनही बघितलं. मग चष्मा कपाळावर ढकलून मला म्हणाल्या, "मामा गेले म्हणतेस? तारीख कुठाय?"

अख्खं मंडळ त्यांना ओळखत होतं. हॉल कोसळला! मला अण्णांच्या हातातल्या कागदावर, मथळ्यात छापलेली तारीख दिसत होती. मी ओरडले, "आजचीच आहे, अक्का!"

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. अध्यक्ष डोळे पुसत आत आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीही हेच. असंच." तेव्हापासून दर वर्षी मामा मरतात, दर वर्षी चहा पितात आणि दर वर्षी अक्का चप्पल घालून स्टेजवर येतात.

यायच्या. अक्का आता नाहीत.

अण्णा रोज सकाळी कॉफी झाली की अक्कांची ती फाईल चालवतात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, आत काही बदललेलं नसतं हो." ते म्हणाले, "असू दे. तिचं काम आहे."

यंदा प्रयोग करायचा की नाही यावर मंडळात बरंच बोलणं झालं. अक्कांच्या जागी कुणी उभं राहायला तयार नव्हतं. अण्णा म्हणाले, "नाटक करा. ती जागा मी बघतो." आम्हाला वाटलं, कुणाला तरी आणतील.

मी "मामा गेले हो!" म्हटलं. मामा "मी इथेच आहे!" म्हणाले. समोरच्या विंगेतून कुणीच आलं नाही. मामांची कपबशी हातातच राहिली. मग अण्णांच्या विंगेतून तो नेहमीचा कुजबुजता आवाज आला, "तारीख कुठाय?"

वाक्य घ्यायला स्टेजवर कुणी नव्हतं. अण्णांनी पुन्हा सांगितलं. आवाज फाटला होता.

आणि मग अख्ख्या हॉलने ते उचललं. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, पहिल्या रांगेतले अध्यक्षसुद्धा, एका सुरात, "तारीख कुठाय?"

मी त्या रिकाम्या विंगेकडे बघत म्हटलं, "आजचीच आहे, अक्का."