चढावर मागे सरकलेली मॅटाडोर

जाम गावच्या चौकात टायरचं दुकान चालवणाऱ्या वासुदेवरावांनी १९९७ साली नागपूरच्या भंगारातून एक जुनाट मॅटाडोर उचलून आणली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, कपाळाला हात लावला. वर्षभर खपून वासुदेवरावांनी आत झोपायला फळी केली, स्टोव्ह बसवला, ड्रायव्हरच्या सीटमागं भांड्यांचं कपाट ठोकलं. मग सवड मिळाली की दोघं डांबरी रस्ता सोडून पांदणीच्या कच्च्या वाटेनं निघायचे.

गाडी ओढायची ती पुढची दोनच चाकं. चढावर भार मागे गेला की त्यांची पकड सुटून ती उगाच फिरायची. हे ठाऊक असूनही एका दुपारी कारंज्याकडच्या टेकडीवर वासुदेवरावांनी गाडी घातलीच. मंदाबाई मागे फळीवर आडव्या झाल्या होत्या.

अर्ध्या चढावर मुरूम निसटला. चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी मागे सरकू लागली. वासुदेवरावांनी ब्रेक दाबून धरला. मागे वळण होतं, वळणाखाली खोल दरी. हँडब्रेक ओढला, तर तो सैल. पाय जरा ढिला पडला की गाडी वीतभर खाली जायची.

"मंदे, उतर! गाडी मांगं सरकून राह्यली!"

"दार अडकलं हो! उघडूनच नाई राह्यलं!"

कपाटामुळे मंदाबाईंना पुढे येता येईना, वासुदेवरावांना मागे जाता येईना. ब्रेकवरचा पाय भरून आला. घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात उचलायची छाती होईना. आपला पाय थकला तर आपल्यासोबत तीही जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मागे खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. साडी फाटली. धप्प!

"मंदे?"

मग दगड घासत आणल्याचा आवाज.

"लावला चाकाले," मंदाबाई मागून ओरडल्या. "आता दुसरा आणतो. पाय उचलू नका!"

मग मंदाबाई चाकांमागचे दगड थोडे थोडे मागे सरकवत गेल्या, ओरडून वळण सांगत गेल्या, आणि ते इंचाइंचानं गाडी उतरवत राहिले. सपाटीवर आल्यावर त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. मंदाबाईंनी ती एकेक करून सोडवली. मंदाबाईंचं कोपर सोलून निघालं होतं.

"मले वाटलं, गेलीस तू," ते कसेबसे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाट उखडून फेकलं. दोन महिने गाडीला हात लावला नाही. शेवटी मंदाबाईच म्हणाल्या, "काऊन उभी ठेवली? चला ना."

पुढची आठ-नऊ वर्षं ते फिरले, पण भीती काही गेली नाही. चढ दिसला की ते मंदाबाईंना खाली उतरवायचे, आणि त्या पायी माथ्यावर पोचून हात हलवेपर्यंत गाडी जागची हलवायचे नाहीत.