उत्तरेच्या बाल्कनीतलं कासव

भावाचा मित्र परदेशी गेला आणि त्याचं कासव मुलुंडला आमच्या बाबांकडे आलं. आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातली जात, परातीएवढं, उचलायला दोघं लागायची. आई गेल्यापासून बाबा कुणाशी धड बोलत नव्हते, ते त्याच्याशी बोलायला लागले. रोज सकाळी सोसायटीच्या जास्वंदीचा पाला तोडून आणायचे आणि त्यावरून वॉचमनशी वाद घालायचे.

मुलुंडला डोंगर जवळ, डिसेंबरात पहाटे चांगलाच गारठा पडतो. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, याला ऊब हवी आणि ओल अजिबात नको. बाबांनी जुना दिवाण मोडून त्याच्या फळ्यांचं मोठं खोकं केलं. आत सुकं गवत, वर ऊब देणारा दिवा, दाराला गोणपाटाचा पडदा. ते ठेवलं स्वतःच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीखाली. खोलीत चालायला जागा उरली नाही, पण बाबा खूश होते.

मग बाबांसोबतच राहणाऱ्या भावाचा धंदा बसला आणि घरात वास्तुवाले आले. कासव उत्तरेलाच हवं, दक्षिणेला लक्ष्मी टिकत नाही, असं सांगून गेले. पितळी कासवाचा नियम जित्याजागत्या कासवाला लावताना कुणाची जीभ अडखळली नाही.

उत्तरेला आमची ड्राय बाल्कनी, खोकं तिथे गेलं. नावाची ड्राय. वॉशिंग मशीन तिथेच, कपडे तिथेच निथळणार, आणि थंडीत ऊन तिकडे फिरकतही नाही. त्यात प्लग एकच. मशीन लावायचं तर कासवाचा दिवा काढावा लागायचा. बाबा दिवा लावत राहायचे, कुणीतरी तो काढत राहायचं.

एका रविवारी मी घाटकोपरहून आले तर कासवाच्या नाकातून फेस येत होता. डॉक्टरांची औषधं चालू होती, जागा मात्र तीच. मी भावाला म्हटलं, "अरे, मरेल ते. बाबांच्या खोलीत घे, नाहीतर मी घेऊन जाते."

"घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत," तो म्हणाला. "आणि तू आमच्या घरात ढवळाढवळ करू नकोस."

आमच्या घरात म्हणे. फ्लॅट बाबांनी घेतलेला. बाबा समोरच पेपरात डोकं घालून बसले होते. मला भावाचा राग आला, पण बाबांचा जास्त आला. स्वतःच्या घरात एक खोकं हलवायला यांना मुलाची परवानगी का लागावी?

संक्रांतीच्या आधीच ते गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला भाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचा, घरावर मोठं संकट होतं, मुक्या जिवाने स्वतःवर घेतलं. शेजारी हात जोडायचे. असंच एकदा तो शेजारच्या काकूंना सांगत असताना बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"संकट कसलं रे?" ते म्हणाले. "थंडी होती. माझ्या खोलीत ऊन होतं."