गोल सह्यांचा अर्ज

माझा नवरा ॲपवर टॅक्सी चालवतो. वाघालाही भीत नसेल इतका तो त्या फोनला भितो. जेवताना फोन ताटाशेजारी. वाजला की हातातला घास हातातच राहतो. राइड नाकारली तर कंपनी आयडी बंद करील आणि गाडी दारात गंजत पडेल, ही सतत धास्ती.

गिऱ्हाइकापर्यंत गाडी रिकामी न्यायची, त्याचा छदामही मिळत नाही. तो मिळावा म्हणून चाळीस ड्रायव्हरांनी अर्ज लिहिला. पहिली सही कुणाची हे कळू नये म्हणून सगळ्यांनी गोलात सह्या केल्या, त्याही टोपणनावांनी. आमच्या शहाण्यानं पुढं गाडीचा नंबर टाकला! स्टँडवर ते एकमेकांना नंबरानंच ओळखतात, हात सवयीनं चालला. अर्ज देऊन घरी आल्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजेना. ॲपवर ‘ऑनलाइन’ असं हिरवं दिसत होतं. नऊ वाजले, दहा वाजले.

"मंदी असेल," मी म्हटलं.

"सोमवारी सकाळी?" त्यानं फोन उलटसुलट करून पाहिला.

"थांबा, सोक्षमोक्षच लावते." दारातल्या आमच्याच गाडीला टेकून मी माझ्या फोनवरून पलीकडच्या दवाखान्यापर्यंतची राइड मागितली. उत्तर आलं, सर्वांत जवळची गाडी बारा मिनिटांवर. म्हणजे आमची गाडी ॲपला दिसतच नव्हती. नवरा मटकन पायरीवर बसला.

बारा मिनिटांनी ह्यांच्याच स्टँडवरचा एक मिशीवाला ड्रायव्हर गाडी घेऊन आला. सह्यांच्या वेळी पोटात कळ आल्याचं सांगून हा सटकला होता. त्यानं मला पाहिलं, मग दारातली गाडी पाहिली, आणि सगळं समजला.

"रिकामा किती आलास?" नवऱ्यानं विचारलं.

"पाच किलोमीटर." मिशीवाल्यानं मान खाली घातली. "वहिनी, बसा ना लवकर. राइड कॅन्सल झाली तर माझ्यावर येईल."

चार शब्द सुनवावेत असं ओठांवर आलं होतं. पण त्याची नजर फोनवरून हलत नव्हती, अगदी आमच्या ह्यांच्यासारखी. मी मागं बसले. वळणावर मागं पाहिलं, तर नवरा पायरीवर फोन कानाशी धरून बसला होता. न जाणो, वाजला तर ऐकू यायला हवा.